घासून काढलेले क्रमांक

११ जून

लिहायला बसले, कारण परीक्षा विभाग सांभाळणाऱ्या मास्तरांनी मला फसवलं आणि हे मोठ्याने म्हणावं असं ऑफिसात कोणी नाही. संचालकाने कोणापुढे बोलायचं?

प्रौढांच्या फिटर वर्गाची अंतिम चाचणी म्हणजे लोखंडाचा एक चौकोनी तुकडा. कानशीने घासून मापात आणायचा, भोक पाडायचं, कोपऱ्यात आपला क्रमांक ठोकायचा. तुकडे मोजून घेतल्याशिवाय प्रमाणपत्र छापायला जात नाही. आज न सांगता केंद्रावर गेले, कपाट उघडायला लावलं. पहिलाच तुकडा हातात घेतला — क्रमांकापाशी खोलगट! दुसरा तसाच. एकेचाळीसच्या एकेचाळीस! गेल्या वर्षीच्या वर्गाने घासलेले तुकडे. त्यांचे क्रमांक घासून काढून वर यंदाचे ठोकलेले. चाचणी झालीच नाही. आणि मार्चमध्ये मंत्र्यांच्या हस्ते वाटलेल्या प्रमाणपत्रांवर सही माझी.

डोळ्याला दिसलं नसतं. बोट फिरवलं म्हणून कळलं. ते मास्तरांनीच शिकवलेलं, अठरा वर्षांपूर्वी. इतिहासात एम.ए. झालेली बाई या खात्यात येऊन पडली, तिला कानस कुठल्या हातात धरतात तेही माहीत नव्हतं.

१२ जून

मास्तरांना बोलावलं. तुकडा टेबलावर ठेवला.

"कोणी केलं?"

"मी."

"का?"

"चूक झाली, बाई."

सगळं ऑफिस मला मॅडम म्हणतं, हे एकटे बाई. आज टोचलं. म्हटलं, मॅडम म्हणा. "बरं, मॅडम." एवढंच! कारण नाही, सबब नाही. जाताना तुकडा उचलला, रुमालाने पुसला, परत जागेवर ठेवला.

१३ जून

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

१५ जून

अहवाल वर पाठवला. बडतर्फीची शिफारस केली. निवृत्तीला सात महिने उरलेत त्यांचे. उरू देत.

जेवताना हे म्हणाले, "आपला नळ दुरुस्त केला तेव्हा उरलेला वायसरसुद्धा आणून दिला होता त्या माणसाने. तो लबाड?"

म्हटलं, वायसर परत करणारेच मोठा हात मारतात. बोलून गेले. भाजीत मीठ नव्हतं, तेही कोणी सांगितलं नाही.

१९ जून

प्रमाणपत्रं स्थगित केल्याची पत्रं गेली आणि आज एकेचाळीसांतली एक बाई थेट केबिनमध्ये. पन्नाशीची. कारखान्यात झाडू मारायची, आता तिथेच यंत्रावर उभी राहते. शिपाई मागे धावत — "मावशी, असं घुसायचं नाही!" ती म्हणते, "बाबा, वर्षभर लोखंड घासलंय. तुझ्या हाताने अडते होय मी?"

मग माझ्याकडे वळली. "मॅडम, परीक्षा तुम्ही घेतली नाही, मग नापास मी कशी? भोक पाडायचं यंत्र जळालं होतं. मास्तर म्हणाले, नवीन आलं की घेतो. परवाच आलं. येत्या सोमवारी चाचणीला बोलावलं होतं आम्हाला."

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

म्हटलं, फेरचाचणी होईल. "आत्ता घ्या!" म्हणाली, आणि पदर खोचून उभीच राहिली. कशीबशी वाटेला लावली.

एकेचाळीस लोकांना माहीत आणि मला नाही! माझ्याच खात्यात मी परकी.

२३ जून

चौकशी. अधिकाऱ्यांनी मास्तरांना तीनदा विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून? तीनदा एकच उत्तर — "माझ्या मनाने." माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कसे पाहतील! दुसऱ्या कोणाचाही कागद मी दोनदा वाचल्याशिवाय सही केली नाही. यांचे मात्र न वाचता पुढे सरकवले. अठरा वर्षं.

तोंड उघडायचं नसेल तर भोगा म्हणावं.

२६ जून

दुपारी आवक-जावक सांभाळणारी क्लार्क आली. आत येऊन दार लावून घेतलं. पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"मॅडम, चौकशी लागली त्या दिवशी मास्तरांनी हा फाइलमधून काढून माझ्याकडे दिला. फाडून टाक म्हणाले. मला नाही जमलं."

मार्चमधली मास्तरांची टिपणी. यंत्र जळाल्याने चाचणी होऊ शकत नाही, प्रमाणपत्रांचा कार्यक्रम पुढे ढकलावा, ही विनंती. खाली हिरव्या शाईत शेरा — "कार्यक्रम ठरल्या दिवशीच होईल. एकेचाळीस प्रमाणपत्रं तयार हवीत. कसं ते तुम्ही बघा."

अक्षर माझं. सही माझी. आठवत नाही! कितीही ताण दिला तरी आठवत नाही. त्या आठवड्यात किती कागदांवर काय काय लिहिलं असेल मी!

"हा त्यांनी दाखवला का नाही?"

तिने पर्सची चेन लावली. मग म्हणाली, "मीही तेच विचारलं. ते म्हणाले, बाईंना आठवत नाहीये. आठवलं असतं तर त्यांनी स्वतःच सांगितलं असतं."

२७ जून

सकाळी सव्वादहा. चौकशी अधिकाऱ्यांच्या हाती दिलं — मूळ टिपणी, माझ्या शेऱ्यासह. बडतर्फीची शिफारस मागे घेतल्याचं पत्र. माझा कबुलीजबाब, दीड पान. केबिनची किल्ली. पोच घेतली.