मस्टरवरची रुपाली

सदाशिव पेठ, पुणे
दि. १० फेब्रुवारी २००१

श्री. वैजनाथराव यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र घेऊन आलेल्या मुलीला आधी आत बसवा, पाणी द्या, मग पुढे वाचा. तिने केलेल्या कामाचा कागद तिला तिच्या स्वतःच्या नावाने मिळत नाही, आणि या प्रकाराची सुरुवात तुमच्या सल्ल्याने झाली, म्हणून लिहावे लागले. (फोन केला असता, पण तो दिवसभर संगणकाला जोडलेला असतो.) तुमची प्रकृती उत्तम असणार. सल्ला देणाऱ्यांना सहसा काही होत नाही. प्रेमलाचा गुडघा कसा आहे ते तिलाच लिहायला सांगा. तुम्ही "ठीक आहे" एवढेच लिहाल.

संक्रांतीला तुम्ही म्हणालात, "ताई, आता कायमची माणसं कोण ठेवतं? कंत्राटावर घ्या. डोक्याला ताप नाही." ग्रंथालयाची एकोणीस हजार कार्डे सतरा फेब्रुवारीच्या आत संगणकावर चढवायचे काम मी नुकतेच घेतले होते. टायपिंग क्लासच्या तेहेतीस वर्षांत एका जयाशिवाय मी कोणाला कामावर ठेवलेले नाही. (तिलाही मी ठेवलेले नाही. शिकायला आली, ती गेलीच नाही.) तेव्हा बुधवार पेठेत पोपटराव नावाच्या कंत्राटदाराकडे गेले आणि सहा जणी मागितल्या. दुसऱ्या दिवशी सहा जणी आल्या, मस्टरवर सह्या केल्या आणि कामाला बसल्या. तुमचे नाव मी त्या दिवशी चांगल्या अर्थाने घेतले होते.

सहावी रुपाली. दोन बोटांनी टाइप करत होती. माझ्या क्लासमध्ये हे चालत नाही. मी तिला 'ए एस डी एफ'पासून बसवली, आणि संध्याकाळपर्यंत डावा हात बरा पडू लागला. दुसऱ्या दिवशी रुपालीची पुन्हा दोन बोटे. मी बोलले. तिने खाली मान घालून ऐकले. डावा हात पुन्हा शिकवला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मात्र रुपालीची दहाही बोटे अशी धावू लागली की मी घड्याळ लावले. मिनिटाला बावन्न शब्द, चूक एकही नाही. मला अर्थातच राग आला. म्हटले, "एवढं येत होतं, तर तीन दिवस सोंग कशाला केलंस?"

ती म्हणाली, "बाई, मी आजच आले."

जयाने शांतपणे सांगितले की रुपाली रोज वेगळी असते, आणि बाईंना हे माहीत असेल असे तिला वाटले होते. मला कसे माहीत असणार? टायपिंग शिकवणारी बाई बोटे पाहते, तोंडे नाही. (विद्यार्थी रस्त्यात भेटून नमस्कार करतात, तेव्हा मी त्यांना हात पुढे करायला लावते.)

मी तडक पोपटरावांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, सहा माणसं ठरली होती, सहा भरली ना? चेहरे कुठं ठरले होते?" मग खरी रुपाली कुठे आहे? तिचे लग्न होऊन ती दिवाळीतच सासरी गेली. "पण कागद पक्का आहे तिचा. नाव चांगलं चालतंय, कशाला मोडायचं?"

या चौथ्या रुपालीचे नाव सत्यशीला वानखेडे. भाऊ इथे कारखान्यात आहे म्हणून ती अकोल्याहून आली. मी पोपटरावांना बजावले की यापुढे हीच रुपाली पाठवायची. तेव्हापासून ती रोज 'रुपाली' अशी सही करते आणि तिने एकटीने साडेचार हजार कार्डे केली आहेत. परवा तिने विचारले, "बाई, अनुभवाचा एक कागद मिळेल? माझ्या नावाचा. दोन वर्षं पोपटरावांकडे काम केलं, पण दाखवायला काहीच नाही." पोपटराव म्हणतात, वानखेडे आमच्याकडे कामाला नव्हत्याच, रुपालीच्या नावाने हवा तर लगेच देतो. आणि वर, "गॅझेटमध्ये नाव बदलून घ्या म्हणावं, सोपं असतं." मी उठून आले. जिन्यात मला हसू आले, हे मात्र कोणाला सांगू नका.

दाखला मी माझ्या सहीने दिला आहे. तो खरा मानावा, एवढेच मागणे.

आपली,
शर्मिलाताई

ता. क. एवढेच नाही. तुमच्या वाघोलीच्या कारखान्यात संगणकावर बसायची जागा आहे, असे प्रेमला म्हणाली. ती सत्यशीलेला द्यावी. कायमची.

ता. क. २. रुजू एकोणीस तारखेला करून घ्या. त्याआधी बोलावलेत तर माझी कार्डे राहतील, आणि मग ती नालायक आहे असे मी लेखी कळवीन.

ता. क. ३. तुमच्या पॅकिंग खात्याच्या मस्टरवरही त्यांची हीच रुपाली दोन वर्षे एकही रजा न घेता कामावर आहे, असे पोपटराव अभिमानाने सांगत होते. दिवाळीनंतरही. तुमच्या साहेबांना हे कळवावे की नाही, यावर मी एकोणीस तारखेनंतर विचार करीन.

पाकीट बंद करण्यापूर्वी मुलीकडे दिले ते असे: हे पत्र, एक. कामाचा दाखला, मूळ प्रत, शिक्क्यासह, एक. प्रेमलाचा स्टीलचा डबा झाकणासह, एक.

वरील सर्व मिळाले.
सत्यशीला सुखदेव वानखेडे