माझ्या फोटोंना कोण हात लावतंय?

मंगळवार, ४ मार्च

कुणीतरी माझ्या फाईलींना हात लावतंय. नक्की!

तळ्याचा फोटो काल मी पुरा करून गेले होते. धुकं उतरवलं, डोंगराच्या कडा उठवल्या, आकाश स्वच्छ केलं. आज उघडला तर आकाश पिवळट, चहा सांडून पुसल्यासारखं! शेवटचा बदल कधी झाला ते बघितलं — संध्याकाळी सहा चाळीस. मी साडेपाचला निघते. मालक चारलाच प्रेसवर जातात. मग स्टुडिओत राहिलं कोण? घुमी.

घुमी म्हणजे मालकांची पुतणी. दोन वर्षांपूर्वी आली, माझ्या समोरच्या टेबलावर बसते. दिवसभरात दहा वाक्यं बोलते, त्यातली सहा "हो ताई". नाव मीच ठेवलंय, तिला माहीत नाही. कमी बोलणारी माणसं मला कधीच झेपली नाहीत.

बुधवार, ५ मार्च

ह्यांना सांगितलं. हसले. "तुला आरशातली बाईसुद्धा आपल्यावर पाळत ठेवतेय असं वाटतं."

हसा! बावीस वर्षं मी लोकांच्या ऑफिसांच्या भिंतींसाठी डोंगर, नद्या, पूल, रस्ते सजवतेय. माझ्या फोटोवर दुसऱ्याचा हात फिरला की मला कळतं.

शुक्रवार, ७ मार्च

नवे पडदे आले. मी पांढरे सांगितले होते, दुकानदाराने सायीच्या रंगाचे गळ्यात मारले. तावातावाने परत घेऊन गेले. म्हणतो, "बाई, ह्याहून पांढरं कापड कुठं मिळालं तर मला आणून दाखवा." दुकानातल्या दोन बायकाही माना हलवायला लागल्या. त्याच्याच नात्यातल्या असणार!

सोमवार, १० मार्च

मोठं काम आलं. नवं हॉस्पिटल, लांबलचक कॉरिडॉर, भिंतभर उंचीचे बारा फोटो — सहा निसर्गाचे, सहा शहराचे. मालक म्हणाले, "ताई, हे तुमचंच. फक्त शेवटची नजर पुतणी टाकेल, प्रेसला तीच पाठवेल."

शेवटची नजर? माझ्या कामावर? कुठंतरी पाणी मुरतंय. खुर्ची एकदम काढून घेत नाहीत, रोज बोटभर सरकवतात. आणि मला ह्या कामाशिवाय दुसरं काहीही येत नाही. भीती वाटली. इथे लिहायला काय हरकत आहे?

मंगळवार, ११ मार्च

सापळा लावला!

संध्याकाळचा बाजाररस्ता. एकाच जागेवरून कमी, मध्यम नि जास्त उजेडात घेतलेले तीन फोटो एकावर एक बसवले. आता दिव्याखालची पाटीही वाचता येते आणि मागची अंधारी गल्लीही दिसते. मधे आलेली स्कूटर पुसली, तिथं फरशा भरल्या. सुरेख! शेवटी रंगाची पट्टी निळ्याकडे सरकवत नेली, पिवळेपणा जाईपर्यंत. आकडा — उणे तीस. वहीत टिपला नि घरी आले.

बुधवार, १२ मार्च

उणे चार!!

रंग बघण्यात माणूस चुकेल, आकडा कसा चुकेल? घुमीकडे रोखून बघितलं. मान खाली घालून पुलाच्या फोटोतल्या विजेच्या तारा पुसत होती. "ताई, काही हवंय का?" नाही गं बाई. तुझंच चालू दे.

शुक्रवार, १४ मार्च

ती बाहेर गेली तेवढ्यात तिच्या कॉम्प्युटरवर बघितलं. एक फोल्डर — 'ताई मूळ'. माझ्या सगळ्या फाईली, मी सोडून जाते तशाच, तारीखवार! दोन वर्षांच्या! कशासाठी? मालकांसमोर माझ्या चुकांची माळ लावायला, दुसरं काय! केसाने गळा कापणारी निघाली. बोलले नाही. बोलले की सावध होईल.

सोमवार, १७ मार्च

केलं! ती जेवायला गेली असताना माझ्या बारा मूळ फाईली मीच प्रेसला पाठवून दिल्या. तिच्याच कॉम्प्युटरवरून. बरोबर केलं की नाही ते माहीत नाही, पण काम माझं आहे. भिंतीवर माझंच लागलं पाहिजे.

शुक्रवार, २१ मार्च

हॉस्पिटलात फोटो लागले. बघून डोळ्यांचं पारणं फिटलं. एवढ्यात तिथल्या मोठ्या डॉक्टरबाई आल्या, दोन पावलं मागे सरल्या. "अहो, इथं तापाने फणफणलेली माणसं येणार. ह्या भिंतींकडे बघून त्यांना हुडहुडी भरेल! सगळंच निळं कसं?"

मालकांचा चेहरा उतरला. सगळ्यांदेखत घुमीवर ओरडले. "प्रेसला तूच पाठवलेस ना?" तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "हो काका. माझं चुकलं."

का म्हणाली असं? मी पाठवले हे तिला कळलेलं आहे, शंकाच नको. आता आयुष्यभर मला उपकाराखाली दाबणार! मी मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाही. आणि निळं निळं काय? कुठे होतं निळं?

शनिवार, २२ मार्च

ह्यांना मोबाईलवर फोटो दाखवले. बराच वेळ बघत बसले. मग पाय पुढे केले. "माझे मोजे कुठल्या रंगाचे आहेत?"

"काळे."

"निळे आहेत गं."

ह्यांनी तिथल्या तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

मंगळवार, २५ मार्च

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन वर्षं तरी पिवळ्या काचेतून बघताय तुम्ही." मला पिवळं दिसायचं, म्हणून मी निळं ओतत राहिले. आमच्या धंद्यातली बाई, आणि स्वतःचा डोळा तपासायचं सुचलं नाही!

पण घुमीला तर दिसत होतं ना? मग दोन वर्षं तोंड का उघडलं नाही? मी आपटायची वाट बघत होती. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. टोचलंसुद्धा नाही. डाव्याचं पुढच्या महिन्यात.

शनिवार, ५ एप्रिल

मालक भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. दोन वर्षांपूर्वी तुमच्या कामात असंच निळं यायला लागलं होतं. म्हणून पुतणीला तुमच्या जागेवर घ्यायला आणलं. महिन्याभरात तीच म्हणाली, काका, ताईंचं काम चोख आहे, त्यांना हलवू नका. आणि खरंच, त्यानंतर एकही फोटो बिघडला नाही."

म्हणजे त्यांना अजून पत्ताच नाही! मी सगळं सांगितलं. रोज माझ्यामागे थांबून फोटो कोण दुरुस्त करत होतं, आणि प्रेसला फाईली कुणी पाठवल्या, तेही.

मग तिला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ताई, डोळा कसा आहे?"

डॉक्टरांनी बजावलंय, आठ दिवस डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. कसं जमायचं!