कानातलं आकाश

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून म्हातारा आहे. आज सकाळपासून तुमचा ओटा डोळ्यांसमोर आहे. गावातलं कुणीतरी कान दुखतो म्हणून कुशीवर निजलेलं, तुम्ही कोमट तिळाचं तेल त्याच्या कानात सोडताय आणि मला म्हणताय, "म्हन तुजी साळंतली कविता." ओट्यावर घड्याळ नव्हतं, माझी कविता हेच माप. दोन कडवी झाली की कूस बदलून तेल वाटीत उतरवायचं. एखादी लाडकी ओळ मी पुन्हा आळवली की निजलेला माणूस ओरडायचा, "अरं, आटप की, मान आखडली!" आणि तुम्ही गालातल्या गालात हसायचात.

तेल उतरवताना तुम्ही सांगायचात: पृथ्वी हाडांत, पाणी रक्तात, तेज जठरात, वारा श्वासात, आणि आकाश जिथं काहीच नाही तिथं. घशात, पोटात, आणि सगळ्यात जास्त कानात. "कान म्हंजे आकाशाचं घर हाय. त्यात शब्द ऱ्हातो. तेल पावना हाय, मुक्कामाला नाय." कवितेच्या पुस्तकात दोन कडव्यांमधला कोरा कागद दिसला की मला वाटे, हेच ते आकाश.

आता आपल्या शेतांवर भराव पडून न्हावा शेवा बंदराचे कंटेनर उभे आहेत, आणि मी जवळच एका फ्लॅटमध्ये राहतो. कान हळूहळू गेले. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र सांगितलं, मी नको म्हटलं. हे तर मुक्कामालाच येणार. आकाशाच्या घराला बूच. तेल घालत राहिलो, मनात कविता म्हणत. तुमची सून आधी ओरडून बोलायची. एकदा कानाशी येऊन म्हणाली, "तुमच्यापेक्षा भिंत बरी. ती मधेमधे 'काय? काय?' तरी करत नाही." मी हसलो. तीही हसली असावी.

मग ऐरोलीहून लेक आली. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, "बाबा, आई बोलायची थांबलीय. तुमच्या लक्षात तरी आलंय का?"

नव्हतं आलं. मी धरून चाललो होतो की ती बोलते आहे आणि मलाच ऐकू येत नाही.

त्याच आठवड्यात यंत्र बसवलं. लिफ्टचं दार, शेजारचा कुकर, ट्रेलरचे हॉर्न, सगळं धावत आलं. ती समोर गवार मोडत बसली होती. म्हटलं, "बोल ना काहीतरी." तिनं मान वर केली.

"काय बोलू?" म्हणाली, आणि पुन्हा शेंगा मोडू लागली.

किती बारीक झालाय तिचा आवाज, बाबा. बोलणाऱ्याच्या घशातलं आकाश ऐकणाऱ्याच्या कानावर जगतं, हे तुम्ही सांगितलंही असेल. माझं लक्ष कवितेत असणार.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. पण एक सांगतो, तुमच्या नातीला कळू देऊ नका. रोज संध्याकाळी आम्ही दोघं खिडकीशी बसतो, ती गप्पच असते. थोड्या वेळानं मी यंत्र काढून खिशात टाकतो आणि तिच्याकडे न बघता बाहेर बघत राहतो. तेवढा वेळ ती बोलत असू शकते.