न घेतलेलं रीडिंग

मॅडम, तुम्हाला पत्र लिहायचं होतं तर ते तुम्ही हयात असताना लिहायला हवं होतं, हे मला कळतं. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याला एम.एस्सी.च्या परीक्षेला बसले होते आणि बातमी मला पंधरा दिवसांनी कळली, तीही कोणाच्या तरी लग्नाच्या गप्पांत, ओघात. मी 'हो का' म्हटलं आणि जेवत राहिले. त्याला आठ वर्षं झाली. आता मी अमेरिकेत आहे, सिॲटलजवळ बॉथेल म्हणून गाव आहे तिथे, आणि एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. तुम्ही म्हणाला असतात, बरं झालं, हात कामाला लागला. पण नमुन्यावर माणसाचं नाव नसतं, क्रमांक असतो. एक क्रमांक सलग पाच महिने माझ्याकडे येत होता, मग यायचा बंद झाला. मी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, ती माहिती आपल्याकडे येत नाही. त्यानंतर काही दिवसांनी मी मेडिकल कॉलेजांची माहिती काढायला लागले. इथे आधी पदवी घ्यायची आणि मग डॉक्टरकीला जायचं अशी रीत आहे, म्हणजे माझ्या वयाची मुलगी त्यांना नवी नव्हती. नवी होती ती माझी पदवी. बहुतेक कॉलेजांनी कळवलं की परदेशातली पदवी आम्ही धरत नाही, काहींना ग्रीनकार्ड हवं होतं, आणि उरलेल्यांनी सांगितलं की रसायन, भौतिक, जीवशास्त्र इथल्या कॉलेजात पुन्हा करून या, प्रॅक्टिकलसकट.

म्हणून मी तिसाव्या वर्षी, ऑफिस सुटल्यावर, पुन्हा ब्युरेटच्या काचनळीसमोर उभी राहिले. ज्यांच्या घरी मी खोली घेऊन राहते त्या काकूंची मुलगी त्याच वर्गात होती. ती इथेच जन्मलेली, एकोणीस वर्षांची, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. मला मावशी म्हणते, वर्गातसुद्धा. आमची दोन रीडिंगं जुळली नव्हती, तिसऱ्याला माझ्याकडून एक थेंब जास्त पडला आणि चंबूत फिक्या गुलाबीऐवजी गडद रंग आला. "मावशी, इट्स फाइन. जस्ट राइट द सेम नंबर," ती म्हणाली. मी चंबू धुवायला घेतला. "ओ माय गॉड, आर यू सीरियस? एव्हरीबडी इज गॉन!" मी म्हटलं, तू जा, मी आवरून येते. ती गेली नाही, स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहिली. "समबडी रिअली स्केअर्ड यू, नो?" मी तिसरं रीडिंग पुन्हा घ्यायला लागले.

नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची ती दुपार मला आकड्यांसकट आठवते. माझं पहिलं रीडिंग नऊ पूर्णांक आठ आलं होतं, दुसरं दहा पूर्णांक एक. तिसरं घ्यायला वेळ होता, पण बसही गाठायची होती, आणि वर्गात सगळेच शेवटी आकडे जुळवून लिहायचे, त्याला कोणी खोटं म्हणतही नसे. मी नऊ पूर्णांक नऊ तीनदा लिहिलं. तुम्ही जर्नल हातात घेता, सहीसाठी पेन उघडता आणि मग उगाचच, सवयीने, माझ्या ब्युरेटकडे वाकता. पातळी एकोणीस पूर्णांक नऊवर आहे, म्हणजे दोनच रीडिंगांची बेरीज. तीन रीडिंगं झाली असती तर ती तिशीच्या जवळ गेली असती. "हे काय करून राहिली तू?" तुम्ही हळू आवाजात विचारलंत. "द्रावण दोनदा ओतलं आणि आकडे तीन कसे आले?" मी म्हटलं, "सॉरी मॅडम." तुम्ही म्हणालात, "सॉरी मला नको. बाहेर जा." महिनाभर मला लॅबमध्ये पाय ठेवायचा नव्हता. विभागप्रमुख म्हणून तुम्ही तसं लेखी दिलंत, माझ्याकडून माफीपत्र घेतलंत, त्यावर बाबांची सही आणायला लावलीत. बाबा माझ्याशी त्यानंतर बरेच दिवस नीट बोलले नाहीत. मी तुमचा द्वेष केला, अगदी मन लावून केला.

महिना संपला त्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही एकट्या राहायचात हे मला तिथे गेल्यावर कळलं. स्वयंपाकघरात ओट्यासमोर एकच खुर्ची होती. ती तुम्ही मला दिलीत आणि स्वतः उभ्या राहून पोळी-साखरेचा लाडू वळलात. "खा. वाळलीस किती." मग मांडणीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून माझं माफीपत्र काढलंत. "हे ऑफिसात गेलं नाही. तुझ्यापाशी ठेव. फाडायचं तर तू फाड, मी नाही फाडणार." उद्यापासून लॅबला ये, एवढं बोलून तुम्ही भांडी घासायला वळलात. मी ते पत्र आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत फाडलं.

गेल्या उन्हाळ्यात अर्ज भरायला बसले तेव्हा दोन जागी अडले. एक म्हणजे शिफारसपत्रं. विज्ञान शिकवलेल्या, अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकांची, असं लिहिलं होतं. इथल्या सरांनी एक दिलं, चांगलं होतं, पण ते मला बारा आठवडे ओळखत होते. दुसरी जागा एका प्रश्नाची होती. कोणत्याही कॉलेजने वर्तनाबद्दल तुमच्यावर कधी कारवाई केली आहे का, तिची नोंद कागदोपत्री नसली तरी सांगा. मी तो प्रश्न काकूंना वाचून दाखवला. त्या वाटाणे सोलत होत्या. "नाही म्हणून टाक," त्या म्हणाल्या.

"पण झाली होती कारवाई."

"अगं, मॅडम गेल्या, पत्र फाडलंस, आता काय नागपूरला फोन लावून विचारणारेत हे? आधीच तुझी डिग्री यांना पटत नाही, त्यात हे कशाला दाखवतेस हौसेने? दोन वर्षं रात्रंदिवस घासलीस ना?"

"मला आठवतंय ना, काकू."

"आठवू दे की. आम्हाला काय कमी आठवतं?"

मी 'हो'वर खूण केली. खाली सात ओळींची जागा होती, त्यात ब्युरेटची पातळीसुद्धा लिहिली. एका कॉलेजनेच मुलाखतीला बोलावलं. समोर एक म्हातारे डॉक्टर होते, आणि त्यांनी माझे गुण, माझी नोकरी, काही विचारलं नाही. त्या सात ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "या बाईंबद्दल सांगा." मी सांगितलं, जेवढं वर लिहिलं तेवढंच. आपण किती मोजकं, नेमकं बोलतोय याचं मला बरंही वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, "माफीपत्रावर त्यांनी काही शेरा लिहिला होता का?"

लिहिला होता, मॅडम. मागच्या बाजूला, लाल शाईत, दोन ओळी. रस्त्यावर घडी उघडताना शाई दिसली होती. काय असणार ते मला ठाऊक आहे, असं त्या वयात वाटलं, म्हणून न वाचता फाडलं. हेच सांगायचं होतं. 'वाचलं नाही' एवढे दोन शब्द. पण ते वाट बघत होते, आणि मी ऐकलं की मी बोलतेय: "त्यांनी लिहिलं होतं, हात चांगला आहे, धीर कमी आहे. परत घ्यावी." डॉक्टरांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

प्रवेश मिळाल्याचं पत्र मंगळवारी आलं. काकूंनी शिरा केला, त्यांची मुलगी आता मला डॉक्टरमावशी म्हणते. मी त्या डॉक्टरांना खरं कळवायचं तीनदा ठरवलं, अजून कळवलेलं नाही. हे तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते पोचणार नाही. तुम्ही खरंच काय लिहिलं होतं ते आठवायचा मी रोज प्रयत्न करते, जे वाचलंच नाही ते आठवण्याचा. आणि आता अडचण अशी झाली आहे की मी बनवलेलं ते वाक्य मला तुमच्याच आवाजात ऐकू येतं, आणि ते थांबावं असं मला वाटत नाही.