सूचीत नसलेलं औषध

प्रिय चिमणे,

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. दोन जाड वह्या, रंगीत चिठ्ठ्यांचं पाकीट आणि बाबांना लोकरीची टोपी. पोस्टाला एकशे दहा रुपये लागलेले दिसले, तेवढ्यात इथे तिसरी वही आली असती. असो, देव तुला सुखात ठेवो आणि थोडी काटकसरही शिकवो.

तू सुट्टीत सांगितलं होतंस की तुमच्या ऑफिसात लाखो नोंदींतली हवी ती नोंद क्षणात निघते, कारण निवडक रकान्यांची वेगळी सूची ठेवलेली असते. ते माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या घरखर्चाच्या सत्तावीस वर्षांच्या सत्तावीस वह्या, सगळ्या तारीखवार. हौसेने सगळ्याच रकान्यांच्या सूच्या करायला बसले. वस्तू, दुकान, भाव, कोणासाठी, रोख की उधार. झालं काय, एक साबण आणला की सहा ठिकाणी लिहायचं! हे म्हणाले, साबण विरघळेल पण तुझं लिहिणं संपायचं नाही. त्यात आपल्याकडे उधारी कधी नव्हतीच, त्यामुळे रोखीची यादी मूळ वहीएवढीच लांब झाली. अशा यादीत शोधायचं ते काय? तिचीच पाठकोरी पानं या पत्राला वापरली आहेत.

मग तुझा 'निवडक' हा शब्द आठवला आणि स्वतःला विचारलं, मी पुन्हापुन्हा शोधते काय? दुकान. तेवढी एक सूची ठेवली आणि कुकरची शिटी कुठून घेतली होती ते मिनिटात सापडलं. मला वाटलं, जिंकलं!

पण गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन पंचवीस तारखेला ठरवलं आणि विचारलं, यांना कुठलं औषध सोसत नाही? एकदा एका इंजेक्शनने ह्यांचा चेहरा सुजला होता, श्वास अडकला होता. नाव मी त्याच दिवशी वहीत लिहिलंय, पण कुठल्या? दवाखाना काही दुकान नव्हे, तो सूचीत नाही, आणि आता तो बंदही झालाय. सत्तावीस वर्षांत एकदाच पडलेला प्रश्न, आणि नेमका तोच जिवावर बेतणारा. याला तुमच्यात काय करतात गं? मी पहिल्या पानापासून वाचत निघालेय. चार दिवसांत कशीबशी तिसरी वही. ह्यांना बोलले नाही, ऑपरेशन टाळायला त्यांना निमित्तच हवंय. आणि फोन केला की ते कानाशी येऊन बसतात, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी तू आमच्याबरोबर होतीस. बाबांच्या मागे धावताना तुझा एक बूट दवाखान्याच्या जिन्यात हरवला. दुकानाच्या सूचीत तुझ्या बुटांची खरेदी दरवर्षी आहे, पण हरवलेल्या बुटाची नोंद कुठलं दुकान ठेवणार? तू बुटासाठी रडत होतीस आणि मी घाबरलेली, तुला सगळ्यांदेखत धपाटा घातला. तो मी वहीत लिहिला नाही. मला अजून टोचतो, पण वर्ष काही आठवत नाही. तुला मात्र आठवत असेल. मारलेलं मूल विसरत नाही. तेव्हा तू कितवीत होतीस, एवढंच उलट टपाली कळव. मी ती एकच वही उघडते.

तुझीच,
आई