आठव्या अक्षरावरचा यती

गुरुजी, आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. तिमिंगिल म्हणजे प्रचंड मासा, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत आणि तुमच्या भरवशावर मीही वर्गात आयुष्यभर तेच शिकवत आलो. परवा मी मेथी निवडत बसलो होतो, समोर मुलगी मोबाइलवर समुद्रातले प्राणी बघत होती. मी सहज 'तिमिंगिल म्हणजे देवमासा, मोठा मासा' असं बोलून गेलो, तर म्हणाली, "बाबा, देवमासा देव पण नाय अन् मासा पण नाय. श्वास घ्यायला वर यावंच लागतं त्याला." तुमच्या कोशाचा निकाल असा मेथीच्या जुडीसमोर लागला.

पण पुढं तिनंच तुमची बाजू सावरली. ती सीलबद्दल सांगू लागली. खोल बुडण्याआधी सील छाती भरून घेत नाही, उलट श्वास सोडून देतो. त्याचा प्राणवायू रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो, खाली गेल्यावर फुप्फुसं मिटतात. मला फुलंब्रीची विहीर आठवली. उन्हाळी सुट्टीत तुम्ही आम्हाला तिथं पोहायला नेलंत, मी गाल फुगवून उडी मारतो आणि बुचासारखा वर येतो. काठावरून तुम्ही ओरडता, "अरे शहाण्या, कुंभक म्हणजे घागर होणं नव्हे! पालथी घागर बुडते का कधी? रेचक कर, श्वास सोडून दे, मग जा खाली." सगळे हसतात. सीलला हे कोणी शिकवलं, ते मुलीला ठाऊक नव्हतं.

"आणि खाली त्याचं हृदय एकदम मंद होतं," ती म्हणाली. "हातापायांचं रक्त आवळून घेतं, मेंदू आणि हृदयासाठी राखून ठेवतं." मी मेथीच्या आडून स्वतःची नाडी धरली. माझी मंद नव्हती. निवांत बसलेलो असूनही ती धावत होती.

शहागंजच्या त्या शाळेतलं तुमचं शेवटचं वर्ष आठवतं. शार्दूलविक्रीडित वृत्तात बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबायची जागा, हे तुम्हीच घोटून घेतलेलं. एका सकाळी तुम्ही आठव्यावरच थांबलात. टेबलाचा कोपरा धरलात. मी आगाऊपणे विचारलं, "गुरुजी, दम लागला का?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "दम नव्हे रे, यती आहे. कवी थांबतो तिथं आपणही थांबावं." मी वहीत तसं लिहून घेतलं. महिनाभरानं तुम्ही हृदयविकारानं गेलात, आणि तो यती चुकीच्या जागी होता असं म्हणायला कोणी उरलं नाही.

गेल्या आठवड्यात वर्गात मीही आठव्यावर थांबलो. फळ्याला टेकलो, हसलो, म्हणालो, "यती." मुलांनी लिहून घेतलं. बायको विचारते, जिना चढताना मध्येच का थांबता. तिला सांगितलं, वय झालं. डॉक्टरकडं जा म्हणते, मी परीक्षा संपू दे म्हणतो. अशा वेळी संस्कृत फार उपयोगी पडतं, दुखण्याला चांगलं नाव देता येतं.

सील वर येतो, कारण कधी यायचं ते त्याला कळतं. हे पत्र मी कुठं टाकणार? तुमच्या तासाला लिहिलेल्या वृत्तांच्या जुन्या वहीत ठेवतोय. पण आठव्यावर यती नव्हता, गुरुजी. तुमचाही नव्हता, माझाही नाही. मला भीती वाटते आहे, आणि हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.