वाट बघण्याचे तीन महिने

मामा,

‘कॅन्सरवर औषध सापडायला अजून किती वर्षं?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, म्हणून तुम्ही गल्लीभर ‘भाचीने कॅन्सरला पकडलं’ सांगत फिरता. तुमचा हिरमोड करायचं धाडस नाही, त्यामुळे हे वहीतच राहील.

मी गणिताची. संशोधनासाठी मिळालेलं दवाखान्याचं रजिस्टर मला म्हणजे नुसते आकडे वाटले. नवं औषध घेतलेले रोगी ऑपरेशननंतर इतरांपेक्षा तीन महिने जास्त जगतात, असं उत्तर आलं तेव्हा मी नाचले होते. परवा वॉर्डातल्या सिस्टरांना ते रजिस्टर सहज दाखवलं.

“अगं बाई, ही तारीख ऑपरेशनची नाही, पहिल्या तपासणीची! नव्या औषधाच्या या लोकांना ऑपरेशनसाठीच बाकीच्यांपेक्षा तीन महिने जास्त ताटकळावं लागलं.”

म्हणजे ते महिने औषधाचे नव्हतेच, वाट बघण्याचे होते. मार्गदर्शक सरांना लगेच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “चूक छापण्याआधी घरातच सापडली, बरं झालं. बाहेर कुणी रोगी त्यावर विसंबला असता.”

मामा, छातीवरचा धोंडा उतरला. छापायला पाठवलेला निबंध मी काल परत घेतला. नव्या निबंधावर माझ्या नावाशेजारी सिस्टरांचं नाव घातलं आहे.

तुमची,
अजून काहीही न पकडलेली भाची